वरच्या पत्र्याचं पाणी

आमच्या पाड्यात कुणाची गाय दुसऱ्याच्या वरईत शिरली, तर गायवाला आधी बघून घ्यायचा की शेत माघीचं तर नाही. दुसऱ्या कुणाचं असलं तर दोन शब्द व्हायचे आणि मिटायचं. माघीचं असलं तर गाय हाकलायला जाताना माणूस घरी सांगून जायचा.

जामसरच्या अलीकडे, डांबरी रस्ता सोडून खाली उतरलं की आमचा पाडा. तेव्हा आम्ही ठाणे जिल्ह्यात होतो. माघी इथं सखाची बायको म्हणून आली. सखा साधा माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दिवाळी झाली की वसईच्या खाडीवर रेती काढायला जायचा आणि पावसाच्या तोंडावर परत यायचा. मधल्या काळात घर, शेत, दोन मुली आणि घराण्याची सगळी भांडणं माघीनं एकटीनं सांभाळली. भांडणं जरा जास्तच मन लावून सांभाळली, असं लोक म्हणत. खोटं नव्हतं.

गावठी कोंबड्या सगळ्यांकडे होत्या. पण पावसाळा संपला की बाकीच्यांच्या दारात दोन-तीन उरायच्या आणि माघीकडे डालगी भरलेली असायची. भगताला काळी तलंग, म्हणजे कोवळी कोंबडी, हवी असो, लग्नघरी लाल कोंबडा हवा असो, माणूस शेवटी तिच्याच दाराशी यायचा. ती भाव करायची नाही.

"घ्यायचा तर घे. नायतर जव्हारला जा, भाड्याला पैसे घाल," एवढंच म्हणायची.

तिच्या कोंबड्या जगायच्या, कारण ती त्यांना कोरडं ठेवायची. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात माहेरून आणलेल्या तिच्या सगळ्या कोंबड्या गेल्या होत्या. पंख पाडून, मान आत ओढून एकेक बसायची, आणि दुसऱ्या दिवशी ताठ. तेव्हापासून तिनं एक गोष्ट धरून ठेवली. "कोंबडी पावसात भिजून मरत नाय. झटकते आणि मोकळी होते. मरते ती ओल्या जमिनीवर बसून."

घराच्या मागे, वळचणीला लागून तिनं खुराडं बांधलं होतं. खाली दगडाचं वीतभर जोतं, त्यावर चोपून बसवलेला मुरूम. ज्या बाजूनं पाऊस मारतो ती बाजू कारवीच्या कुडानं बंद केलेली, शेणानं लिंपलेली. उरलेल्या बाजूंना कामट्यांची जाळी, वारा खेळावा म्हणून. वर पेंढा आणि सागाची पानं, भोवती चर. आत भाताचं तूस पसरलेलं. हे तूस ती उन्हाळ्यातच गिरणीवरून पोत्यांनी आणायची आणि चुलीवरच्या माळ्यावर टाकायची, म्हणजे धुरानं कोरडं राहायचं. रोज सकाळी आधी खुराडं, मग चहा. ओला झालेला भाग उकरून बाहेर काढायचा, तिथं राख टाकायची, वर नवं तूस. आषाढात आठवडा-आठवडा ऊन दिसत नाही, तेव्हाही तिच्या खुराड्यात तळवा टेकवला तर ओल लागायची नाही. खाली वाकून वास घ्यायची. नाकात झिणझिणलं तर अख्खं तूस बदलायची, मग घरात स्वयंपाक थांबला तरी चालेल.

आता वरच्या घराचं सांगतो. सखाचा धाकटा भाऊ देवराम. आश्रमशाळेत शिकला आणि जव्हारला एका कचेरीत कारकून झाला. भाऊ वेगळे निघाले तेव्हा वाटणी आईनं, कोंडीनं केली. वरची, कोरडी, रस्त्याकडची जागा देवरामला दिली आणि उताराखालची सखाला. "देवरामकडं मानसं येतात, कागद घेऊन येतात. त्यांनी काय चिखलात बसावं?" असं ती म्हणाली होती. सखानं मान डोलावली. माघी ते वाक्य कधी विसरली नाही. कोंडी स्वतः देवरामकडे राहिली, म्हणजे कोरड्या जागेत.

देवरामची बायको रोहिणी विक्रमगडकडची, दहावीपर्यंत शिकलेली. कामाला वाघीण, बोलायला थंड. माघी ओरडायची तेव्हा रोहिणी शांतपणे सुपातले खडे निवडत राहायची, आणि त्यामुळे माघी आणखी ओरडायची. रोहिणीचंही दुखणं होतंच. माघीच्या कोंबड्या तिचं सारवलेलं अंगण उकरायच्या, वाळत घातलेल्या नागलीत चोची मारायच्या. रोहिणी काठी घेऊन बसायची. एकदा तिच्या काठीनं एक कोंबडी लंगडी झाली, तेव्हा माघी महिनाभर त्या घराकडे तोंड करून थुंकत होती.

सत्त्याण्णव साली देवरामनं घर वाढवलं. पुढच्या बाजूला विटा लावल्या, मागं मातीचीच भिंत ठेवली, आणि सगळ्यावर कौलं काढून नवा कोरा पत्रा टाकला. कौलांचं पाणी पागोळ्यांनी ठिबकत असे, जिथल्या तिथं जिरत असे. पत्रा लांब होता, आणि त्याची उतरती कड थेट माघीच्या हद्दीवर आली होती. पत्रा ठोकला जात होता त्याच दिवशी माघी वर गेली. रोहिणी दारात उभी होती.

"या पत्र्याचं पानी माझ्या खुराड्यावर येनार. पन्हळ लाव," माघी म्हणाली.

"पाऊस पडला का अजून?"

"पडल्यावर सांगू?"

"पडल्यावर बघू."

"रोहिणी, मी भांडायला नाय आले. सांगायला आले."

"जाऊबाय, तुमच्या कोंबड्या माझ्या अंगणात किती वर्षं हगतात. मी सोसलं ना? आता तुम्ही थोडं पाणी सोसा." एवढं बोलून रोहिणी आत गेली.

पाऊस लागला. जव्हारकडचा पाऊस ज्यानं पाहिला आहे त्याला सांगायला नको. त्या अख्ख्या पत्र्यावरचं पाणी एकाच रेघेत, जाड दोरासारखं खाली आलं. त्यानं चर भरला, मग ते जोत्यावरून उड्या मारून कुडाखाली शिरलं. पेंढ्याचं छप्पर एका बाजूला कुजून बसलं. माघी दिवसभर घमेल्यानं पाणी उपसत होती आणि आत तुसाचा चिखल होत होता. माळ्यावरची सगळी पोती संपली. चुलीतली राख संपली. मग तिनं तेच ओलं तूस घमेल्यात घेऊन चुलीवर भाजलं आणि गरम गरम पसरलं. तासाभरात तेही ओलं.

त्या आठवड्यात पिल्लांना रक्ताची हगवण लागली. आधी पिल्लं गेली, मग तलंगा. नुकती अंडी द्यायला लागलेल्या, चकचकीत पिसांच्या, दिवाळीला विकायच्या तलंगा.

माघीनं मेलेल्या सगळ्या टोपलीत भरल्या. इरलं न घेता भिजत रस्त्यावर गेली. देवराम तिथं एसटीची वाट बघत उभा होता, छत्री उघडून, पँट दुमडून. आणखी बरीच माणसं होती, शाळेचे मास्तर होते. तिनं टोपली त्याच्या पायांवर पालथी केली.

"घे. तुझ्या पत्र्यानं मारल्यात. आता घरी ने आणि बायकोला रांधायला सांग."

देवरामचा चेहरा पडला. तो हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, लोक बघतात. पाणी आभाळाचं आहे, मी काय करणार?"

"आभाळ सगळ्यांवर सारखं पडतं. तुझ्या पत्र्यानं ते गोळा करून माझ्यावर टाकलं."

एसटी आली. देवराम चढला नाही. तिथंच उभा राहून पायांवरची पिसं झटकत होता. मनानं तो वाईट नव्हता. त्या दिवसापर्यंत कदाचित त्यानं पन्हळ लावलाही असता. पण संध्याकाळी त्यानं रोहिणीला सांगितलं, "आता पन्हळाचं नाव काढायचं नाही." रोहिणीनं काढलं नव्हतंच.

सखा म्हणाला, "भावाशी भांडू कसा?"

"तू नको भांडू. बांबू आण."

त्यानं बांबू आणले, उभे चिरले, आतल्या गाठी फोडल्या, आणि दोघांनी आपल्या हद्दीत मेढी रोवून पत्र्याखाली बांबूचा पन्हळ धरला. पहिल्या मोठ्या सरीत तो काठोकाठ भरला, मधोमध वाकला आणि तुटून खुराड्यावरच पडला. वरच्या घरात कुणी तरी हसलं. रोहिणी असेल किंवा नसेल, पण माघीनं ते रोहिणीचं हसू म्हणूनच जमा केलं.

खुराडं हलवायला जागा नव्हती. पुढं वाट, एका बाजूला कातळ, दुसरीकडे भाताचं खाचर. असती तरी तिनं हलवलं नसतं. "पानी तिचं, मी का हलू?" असं ती सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायची.

त्या थंडीत देवरामचे साहेब जव्हारजवळचं शिरपामाळ बघायला येणार होते, जेवायला देवरामकडे. साहेबांना गावठी कोंबडा खायचा होता. देवराम स्वतः यायला लाजला, त्यानं कोंडीला पाठवलं. म्हातारी काठी टेकत खाली आली. अंगणातच कोंबडा उभा होता, तुरेवाला, तांबडा.

"हा दे. देवराम दुप्पट देईल," कोंडी म्हणाली.

"हा विकायचा नाय."

"मग कुठला विकायचा हाय?"

"तुमच्या घराला कुठलाच नाय."

"मी पन त्याच घरातली ना?"

"हो," माघी म्हणाली, "तूच तर ते घर दिलंस त्याला."

कोंडीनं तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि काठी टेकत परत चढून गेली. साहेबांनी जव्हारहून आणलेली पांढरी ब्रॉयलर खाल्ली. ही गोष्ट पाड्यात पुढं कितीतरी दिवस चवीनं सांगितली जात होती, आणि रोहिणी पाण्याला जाताना ती जास्तच.

पुढच्या वर्षी पावसाआधी माघीनं हद्दीवर बांध घातला. दगड, लाल माती आणि चिकण, पायानं तुडवून केलेला गुडघाभर बांध, खाचराला घालतात तसा. सखा बघत होता.

"पानी मग जाईल कुठं?" त्यानं विचारलं.

"आलंय तिथं."

"तिकडं मागची भिंत मातीची हाय."

"तिला सांग जाऊन. मला नको सांगू."

सखा गेला नाही. त्याचा स्वभावच तसा. एकानं ऐकायचं नाही म्हटलं की दुसऱ्याला सांगायचा त्याला धीर नसे.

बांधानं काम केलं. पत्र्याचं पाणी खाली पडायचं, पण बांधाला अडून वरच्या घराच्या मागेच साचायचं, आणि मग वळसा घालून कातळावरून जायचं. माघीच्या खुराड्यात त्या वर्षी शिंतोडे तेवढे यायचे. ती खूष होती. सकाळी तूस हलवताना वर ऐकू जाईल असं गुणगुणायची. रोहिणीनं एकदा मागं येऊन डबक्याकडे पाहिलं, बांधाकडे पाहिलं, आणि आत गेली. तिनं देवरामला सांगितलं नाही, की सांगितलं आणि त्यानं ऐकलं नाही, कोण जाणे. पन्हळ लावला तर माघी जिंकली असं झालं असतं. म्हणून डबकं तसंच राहिलं.

श्रावणातली एक दुपार. माघी खुराड्यात वाकलेली. तिला आधी आवाज आला, भिजलेलं पोतं जमिनीवर टाकल्यासारखा. मग रोहिणीची हाक, नुसतं "आये, आये". मागची भिंत आतल्या बाजूला बसली होती. त्या भिंतीला लागून कोंडीची गोधडी असायची.

माघीनं स्वतःच्या बांधावरून उडी मारली. भिंतीच्या जागी भगदाड होतं, आत कोंडी आडवी, कमरेखाली लाल चिखल आणि मोडलेल्या कारव्या. रोहिणी एका बाजूनं हातांनी माती ओढत होती.

"हात लावू नको तिला," रोहिणी म्हणाली. "तू केलंस हे."

"मी केलं तर मीच काढते. सरक."

"लाज वाटू दे."

"तुझ्या पत्र्याला वाटू दे."

बोलत होत्या आणि उकरत होत्या. एकीनं या बाजूनं, दुसरीनं त्या बाजूनं, दातओठ खात. माणसं धावून आली तेव्हा दोघींची नखं रक्ताळलेली होती आणि शिव्या थांबलेल्या नव्हत्या. मधे कोंडी डोळे उघडे ठेवून पडली होती, कण्हतही नव्हती. तिचा घोटा मोडला होता. जीप करून तिला जव्हारला नेलं, पायाला प्लास्टर घातलं.

ती परत आली त्या दिवशी देवरामच्या पडवीत सगळा पाडा जमला. या खेपेला माघीची बाजू घेणारं कुणी नव्हतं. कोंबड्यांसाठी सासूवर भिंत पाडली, एवढंच सगळे म्हणत होते. माघी खाली अंगणात उभी होती. ती म्हणाली, "भिंतीला मी हात नाय लावला." पण तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. बांध फोडायचा असं ठरलं. पत्र्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

मग कुणीतरी म्हणालं, म्हातारीला विचारा. कोंडी खाटेवर पाय लांब करून बसली होती.

"एकीनं पानी सोडलं, एकीनं अडवलं," ती म्हणाली. "मधे मी होते ते दोघींना दिसलं नाय. आता मला खाली न्या. मी माघीकडं राहनार."

रोहिणी दचकली. "आये, मी काय कमी केलं?"

"तू कमी नाय केलं. तिनं भिंत पाडली, ती सांभाळील. तिला काय फुकट सोडू?"

माघीला सासू नको होती. ज्या बाईनं आपल्याला चिखलात बसवलं, तिचं हगणं-मुतणं आता आपण काढायचं, हे तिला पचत नव्हतं. पण सगळा पाडा बघत होता, आणि नाही म्हणायला तोंड राहिलं नव्हतं. त्याच संध्याकाळी तिनं बांध फोडला. मदतीला आलेल्या दोघांना तिनं हाकलून दिलं. एकेक दगड उचलून स्वतःच बाजूला टाकला. सखा खाट घेऊन आला.

कोंडी पहिल्या दिवसापासून बोलायला लागली. भाकरी जाड. चूल धुरकट. कोंबड्यांचा वास. आणि सगळ्यांत जास्त खुराड्यावर.

"एवढी राख टाकतात का? पिल्लांचे डोळे जातील."

"तुझ्या राज्यात किती पिल्लं जगली?" माघी म्हणायची.

"माझ्या काळात सुना उलट बोलत नव्हत्या."

"म्हनून तर त्या मुक्या मेल्या."

असं दिवसभर. शेजारी कान देऊन ऐकायचे. दोघींच्या बोलण्यात माया कुठं सापडते का ते बघायचे, आणि सापडायची नाही. तरी माघी तिला वेळेवर जेवण द्यायची, पाय शेकायची, पाठ चोळायची, जोर लावून, कातडी निघेल अशी. कोंडी ओरडायची, पण दुसऱ्या दिवशी पाठ पुढं करायची.

देवराम रोज कचेरीतून आला की आईकडे यायचा. माघी त्याला बसायला सांगायची नाही. तो उंबऱ्याजवळ उभ्यानं दोन मिनिटं बोलायचा आणि जायचा. पुढच्या पावसाळ्यात कोंडीनं एक दिवस आपली खाट मागच्या पडवीत हलवायला लावली. तिथून खुराडं हाताच्या अंतरावर.

"तिथं पत्र्याचं पानी उडतं," माघी म्हणाली.

"मला आत धूर होतो. हलव सांगितलं ना."

माघीनं रागारागानं खाट ओढली. संध्याकाळी देवराम आला. बाहेर धो धो कोसळत होतं. कोंडीनं त्याला खाटेच्या बाहेरच्या कडेला बसवलं.

"बस. आज घाई नको करू. मला बोलायचं हाय."

आणि ती बोलत राहिली. वडिलांच्या आजारपणाचं, कुणाच्या लग्नाचं, ज्याला काही शेंडा-बुडखा नाही असं. पत्र्याचं पाणी जमिनीवर आपटत होतं आणि देवरामच्या पाठीवर उडत होतं. त्याचा शर्ट चिकटला, मान ओली झाली. त्यानं दोनदा सरकायचा प्रयत्न केला. कोंडी म्हणाली, "तिकडं माझा पाय हाय." शेजारी खुराड्यात माघी भाजलेलं तूस पसरत होती आणि पिल्लं एकमेकांवर चढून कोरडा कोपरा शोधत होती. देवराम ते बघत बसला. बघण्यासारखं दुसरं काही नव्हतंच.

आठवडा गेला नाही, तोच तो जव्हारहून पत्र्याचा पन्हळ घेऊन आला. लोखंडी पट्ट्या, स्क्रू, सगळं. शिडीवर चढून स्वतः ठोकला. खालून रोहिणी म्हणत होती, "शेवटी तिचंच केलंत."

"आईच्या अंगावर पाणी उडतं," तो म्हणाला.

"मग आईला वर आणा."

"ती येत नाही."

पन्हळातून पाणी कातळाकडे गेलं. माघीच्या खुराड्यात तळवा पुन्हा कोरडा राहायला लागला. पन्हळ कुणामुळे आला हे तिला कळलं की नाही, ते मला माहीत नाही. एकदा तिनं कोंडीला विचारलं, "आता खाट आत घेऊ का?"

"घे," कोंडी म्हणाली. "इथं वारा लागतो."

एवढंच. माघीनं खाट आत घेतली, आणि दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा भाकरी जाडच होती.

अशी चार वर्षं गेली. मग एका उन्हाळ्यात कोंडी झोपेतच गेली. माघी रडली नाही. तिनं प्रेताला आंघोळ घातली, केस विंचरले. रोहिणी मोठ्यानं रडली, आणि तेही खरंच होतं.

देवरामला सवय लागली होती. आई गेल्यावरही तो संध्याकाळी खाली यायचा, रिकाम्या खाटेवर बसायचा. आता माघी त्याला कोरा चहा द्यायची. ती काही गोड बोलायची नाही. "साखर संपली, गूळ घातलाय, प्यायचा तर पी," असंच. पण तो बसायचा, अंधार पडेपर्यंत. वर रोहिणी ताट वाढून वाट बघायची. ती कधी हाक मारायची नाही. तिच्या घरचा माणूस रोज उठून त्याच बाईच्या दारात बसतो, जिनं त्याच्या पायांवर मेलेल्या कोंबड्या ओतल्या होत्या. तिला ते गिळवत नव्हतं.

पावसाला थोडे दिवस होते. देवराम कचेरीत असताना रोहिणीनं गडी लावून पन्हळ काढला आणि गोठ्यात टाकला. माघी खाली उभी राहून बघत होती.

"आई गेली," रोहिणी म्हणाली. कितीतरी वर्षांनी ती आपण होऊन बोलत होती. "आता कुणाच्या अंगावर उडतं?"

सगळ्यांना वाटलं, आता जुंपते. बायका कडेवरची पोरं घेऊन कुंपणाशी आल्या. माघीनं वर पाहिलं, खुराड्याकडे पाहिलं, आणि घरात गेली. संध्याकाळी देवराम आला, तर ती दारात आडवी उभी.

"उद्यापासून येऊ नको."

"वहिनी, मी पन्हळ परत लावतो. आजच लावतो."

"नको. तू लावशील, ती काढील. तुमच्या नवरा-बायकोच्या मर्जीवर माझ्या कोंबड्या जगायच्या आणि मरायच्या, हे मला नको. जा, जेव जाऊन."

तो गेला नाही लगेच. पण ती दार लावून घेऊन आत गेली.

त्याच आठवड्यात ती थोरल्या मुलीकडे खोडाळ्याला गेली. मोखाड्याच्या त्या अंगाला वारा आमच्याहून वाईट. तिथं मुलीच्या सासऱ्यानं कोंबड्या जमिनीवर ठेवलेल्याच नव्हत्या. चार मेढींवर कमरेएवढ्या उंचीचा माच, तळाला बांबूच्या कामट्या बोटभर फट ठेवून बांधलेल्या, चढायला एक तिरकी फळी. घाण फटीतून खाली पडायची, पाणी खालून वाहून जायचं. माघी माचाखाली वाकून बराच वेळ बघत राहिली. मग तिनं व्याह्याला विचारलं, "मुंगूस नाय चढत?" तो म्हणाला, मेढींना डबे कापून गुंडाळलेत, नखं टिकत नाहीत. तिनं ते हातानं चाचपून पाहिलं.

घरी आल्यावर ती आणि सखा जुनं खुराडं पाडायला लागले. जोत्याचे दगड काढले. मेढी पुरल्या. आकाश भरून आलं होतं, घाई होती. आडवा बांबू वर चढवताना सखाचं टोक सारखं निसटत होतं. रेतीच्या कामानं त्याचे खांदे गेले होते. दुसऱ्या टोकाला माघी, आणि बांधायला हात नाही.

देवराम वरून उतरून आला. कुणी बोलावलं नव्हतं. त्यानं सखाच्या बाजूचं टोक धरलं.

"सोड," माघी म्हणाली.

त्यानं सोडलं नाही.

"तुला सांगितलं होतं, येऊ नको."

"घरात नाही आलो," देवराम म्हणाला. "बांध आता, हात भरून येतात."

वरच्या अंगणात रोहिणी उभी होती. ती म्हणाली, "जेवण थंड होतंय."

"येतो," देवराम म्हणाला, आणि हलला नाही. माघीनं दोर आवळला, दातांत धरून गाठ मारली, आणि दुसऱ्या मेढीकडे वळली. रोहिणीनं आत जाऊन दार आपटलं. त्यानंतर तिनं त्या दिवशी देवरामला जेवायला वाढलं नाही, असं म्हणतात.

त्या पावसाळ्यात पत्र्याचं पाणी पूर्वीसारखंच एका रेघेत कोसळलं आणि माचाखालून निघून गेलं. शिंतोडे वरपर्यंत जाऊ नयेत म्हणून माघीनं खाली गोल दगड पसरले होते. कोंबड्या कामट्यांवर ओळीनं बसायच्या, अंगात अंग घालून. तूस लागायचं ते फक्त अंडी घालायच्या टोपल्यांत. श्रावण उलटला तरी पिल्लांची हगवण दिसली नाही. हळूहळू पाड्यात आणखी दोन माच झाले, तिला न विचारता, नुसते बघून. त्यावरूनही तिनं दोघांशी भांडण केलं, की निदान विचारायचं तरी.

दोन हजार सहाच्या सुरुवातीला कोंबड्यांच्या रोगाच्या बातम्या आल्या आणि जव्हारच्या बाजारात कोंबडीला कुणी हात लावेना. माघीचा माल आमच्याच पाड्यात खपला. भीती सगळ्यांना होती, पण तिच्या तोंडावर "नको" म्हणायची जास्त भीती होती.

रोहिणी आणि माघी अजून बोलत नाहीत. देवराम निवृत्त झाला आहे. तो दिवसातून एकदा हद्दीवर येऊन उभा राहतो, माघीच्या बाजूला पाय न टाकता. तिथूनच सखाला विचारतो, आज अंडी किती. सखा सांगतो. माघी त्या वेळी मुद्दाम माचाच्या दुसऱ्या बाजूला जाते आणि कोंबड्यांवर काहीतरी ओरडते.